छातीत धडधड, जीव घाबरा, आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल



सोयाबीन काढणीची धांदल सुरू आहे. अंक हातात घेऊन निवांत वाचायला कुणाला वेळ मिळणार! म्हणून एक करा. गटाच्या बैठकीत एकीने हे पान मोठ्याने वाचा आणि बाकीच्यांनी ऐका. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्या निमित्ताने या वेळचं आरोग्याचं पान मनाच्या एका दुखण्यावर लिहिलं आहे.

हे दुखणं ईसीजीच्या कागदावर दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही, रक्ताच्या तपासणीतही सापडत नाही. पण ज्या बाईला होतं, तिला त्या दहा-पंधरा मिनिटांत खरंच वाटतं की आपलं आता संपलं. डॉक्टर त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. आपल्या बाया म्हणतात, "जीव घाबरा होतो", "छातीत कसंतरीच होतं", "एकदम घाबरं भरतं".

आधी माझी चूक सांगते

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. आपल्याच एका गटातल्या सचिव ताई. त्यांचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. त्यांना विचारून, त्यांनी होय म्हटल्यावरच लिहिते आहे. वय पस्तिशीच्या आसपास. हिशोबाला पक्क्या, बोलायला खणखणीत. गटाचं रजिस्टर त्यांच्या हाताखाली कधी एका रुपयाने चुकलं नाही.

मार्चपासून त्या बैठकीला येईनाशा झाल्या. कधी निरोप यायचा, "अंगात कणकण आहे." कधी "पाहुणे आलेत." कधी "म्हैस व्यायलीय." जूनमध्ये पाऊस पडला. बियाण्यासाठी गटाच्या खात्यातून पैसे उचलायचे होते. त्यांच्या खात्याला अध्यक्ष आणि सचिव अशा दोघींच्या सह्या लागतात. अध्यक्ष ताई दोनदा तालुक्याला हेलपाटा घालून आल्या, सचिव ताई काही गेल्या नाहीत. पहिल्या दिवशी म्हणाल्या, डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी जीपपर्यंत आल्या आणि तिथूनच मागे फिरल्या. बाया चिडल्या, आणि चिडणारच. पेरणीची घात निघून चालली होती. दोघी-तिघींनी दुकानातून उधारीवर बियाणं घेतलं, दुकानदाराने भाव चढा लावला.

पुढच्या बैठकीत ठराव झाला. सलग गैरहजेरीचा दंड घ्यायचा आणि सचिवपद काढून दुसरीला द्यायचं. मी तिथेच सतरंजीवर बसले होते. बायांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही सांगा." मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

सख्यांनो, मी समाजकार्य शिकलेली मुलगी आहे. मानसिक आरोग्य हा विषय मला परीक्षेला होता. पॅनिक अटॅकची लक्षणं पेपरात लिहून मी मार्क मिळवले आहेत. पण एवढी चांगली बाई बैठकीला का येत नाही, हे तिच्या घरी जाऊन विचारावं, एवढं साधं मला सुचलं नाही.

मी त्यांच्या घरी गेले ती ठराव कळवायला. त्या चुलीपाशी चहा ठेवत होत्या. वाटलं होतं, भांडतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं पोरी. आता मला बँकेत जायला नको." आणि रडायलाच लागल्या.

त्यांना काय होत होतं?

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"फेब्रुवारीत बँकेच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे चार-पाच जणं. काही भांडण नाही, काही टेन्शन नाही. एकदम छातीत धडधड सुरू झाली. इतकी, की वाटलं शेजारणीला ऐकू जाईल. हातापायाला मुंग्या आल्या. घसा आवळला. श्वास घेतेय तरी पुरेना. दरदरून घाम. समोरची माणसं लांब गेल्यासारखी दिसायला लागली, आवाज विहिरीतून आल्यासारखे. वाटलं, आता मी इथंच पडते आणि मरते. पासबुक काउंटरवर टाकलं आणि बाहेर पळाले. पायरीवर बसले. पंधरा-वीस मिनिटांनी हळूहळू उतरलं. पण नंतर अंगात जीवच नाही, दिवसभर खुरपल्यासारखं अंग आंबलं."

दुसऱ्यांदा एसटीत झालं. तिसऱ्यांदा रात्री गाढ झोपेतून दचकून जाग आली आणि तेच सगळं. मालकांनी दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, सलाईन लावलं. रिपोर्ट चांगला. दुसरा दवाखाना, पुन्हा ईसीजी, पुन्हा सलाईन, पुन्हा रिपोर्ट चांगला. सासूबाईंनी लिंबू उतरवून टाकलं. कुणी म्हणालं बाहेरचं झालंय, कुणी म्हणालं नाटकं आहेत, काम नको म्हणून.

ताई मला म्हणाल्या, "रिपोर्ट चांगला आला की माणसाला आनंद व्हायला पाहिजे ना? मला वाईट वाटायचं. वाटायचं, आता माझ्यावर कुणीच विश्वास ठेवणार नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे त्या तपासणीत हृदयाचा बिघाड दिसला नाही, एवढंच त्यातून कळतं. "तुला काही होतच नाही" असा त्याचा अर्थ होत नाही.

शरीर असं का वागतं?

रात्री अंधारात तुम्ही गोठ्यात गेलात. पायाजवळ काहीतरी वळवळीत दिसलं. साप! विचार करायच्या आधीच तुम्ही मागे उडी मारलेली असते. छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, तळहाताला घाम येतो, पोटात गोळा येतो. मग बॅटरी मारून बघता तर म्हशीचं दावं. हसू येतं आणि दोन-चार मिनिटांत सगळं शांत होतं.

ही आपल्या शरीराची जुनी सोय आहे. संकट दिसलं की मेंदू इशारा देतो आणि मूत्रपिंडावर बसलेल्या छोट्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन नावाचं द्रव्य रक्तात सुटतं. हृदय जोरात चालतं, कारण पळायला पायांना जास्त रक्त लागतं. श्वास वाढतो, कारण जास्त प्राणवायू लागतो. घाम येतो, म्हणजे अंग थंड राहावं. पोटाचं काम मंदावतं, म्हणून ढवळतं. एकेक गोष्ट जीव वाचवायला उपयोगाची आहे.

पॅनिक अटॅकमध्ये हीच सगळी यंत्रणा सुरू होते, पण तिथे साप नसतो आणि दावंही नसतं. शरीर पळायच्या तयारीत, आणि बाई उभी आहे बँकेच्या रांगेत. मग तिचं मन कारण शोधतं. बाहेर काही दिसत नाही, म्हणजे आतच काहीतरी बिघडलं. "मला हार्ट अटॅक आलाय", "मला वेड लागतंय", "मी आता पडणार." या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, धडधडीने विचार पक्का होतो. घाण्याच्या बैलासारखं हे गोल गोल फिरत राहतं.

आता मुंग्यांचं सांगते, कारण मुंग्यांना बाया फार घाबरतात, वाटतं लकवा मारतोय. माणूस घाबरून भराभर श्वास घेतो तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. त्याने हातापायाला आणि ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते, बोटं वाकडी झाल्यासारखी वाटतात. बाईला वाटतं श्वास कमी पडतोय, म्हणून ती आणखी ओढून घेते, आणि त्रास आणखी वाढतो. श्वास सावकाश केला की मुंग्या जातात.

बहुतेक झटके पहिल्या दहा मिनिटांत टोकाला जातात आणि मग उतरायला लागतात. त्या वेळी मात्र दहा मिनिटं दहा तासांसारखी वाटतात.

मलाच का?

हा प्रश्न प्रत्येक बाई विचारते. याला एकच एक कारण नसतं. काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या असा त्रास दिसतो. कधी आधीचे कित्येक महिने ओझं साचलेलं असतं: आजारपण, जवळच्या माणसाचा मृत्यू, कर्ज, घरातली मारहाण, बाळंतपण, झोपेचे हाल. कधी काहीच कारण सापडत नाही. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार साधारण दुपटीने दिसतो, आणि बहुतेकींना तो तरुणपणात किंवा तिशीच्या आत-बाहेर सुरू होतो. यात बाईचा दोष नाही, मन कच्चं असल्याची ही खूण नाही. आमच्या सचिव ताईंनी दोन दुष्काळ काढलेत, कच्चं मन कुठून असणार!

काही गोष्टींनी धडधड वाढते, त्या तपासून घ्या. उपाशीपोटी चहावर चहा. मिश्री आणि तंबाखू, कारण तंबाखूतल्या निकोटिनने हृदयाचे ठोके वाढतात. उपवास आणि अपुरी झोप. अंगात रक्त कमी असलं, थायरॉइड वाढलेलं असलं, साखर उतरली किंवा पाळी जाण्याचं वय असलं, तरी छाती धडधडते, घाम येतो, घाबरं होतं. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बीपी तपासायला सांगा.

हार्ट अटॅक की पॅनिक अटॅक?

सख्यांनो, इथे नीट ऐका. दोन्हींची लक्षणं सारखी दिसू शकतात. पहिल्यांदाच असं झालं असेल तर घरी बसून ठरवायचं नाही. दवाखान्यात जायचं आणि ईसीजी काढायचा. पुढच्या वेळी मात्र, आधी तपासणी होऊन डॉक्टरांनी पॅनिक अटॅक सांगितला असेल, तर दर वेळी सलाईन लावायची गरज नाही.

यातलं काही असेल तर वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा:

• छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, आणि दुखणं हातात, जबड्यात, पाठीत किंवा खांद्यात जातंय.
• चालताना, ओझं उचलताना, पाणी शेंदताना दुखतं आणि बसलं की थांबतं.
• बाई खरोखर शुद्ध हरपून पडली.
• तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय हलत नाही, बोलणं अडखळतं.
• अर्धा तास झाला तरी त्रास उतरत नाही.
• बाई गरोदर आहे किंवा नुकतीच बाळंतीण आहे, किंवा तिला साखर, बीपी, हृदयाचा आजार आधीपासून आहे.

आणखी एक. बायकांचा हार्ट अटॅक दर वेळी छातीत जोराची कळ येऊनच येतो असं नाही. कधी नुसता दम लागतो, मळमळतं, पाठ दुखते, कमालीचा थकवा येतो. म्हणून "बाईमाणसाला घाबरं होतंच" असं म्हणून कुणालाही घरात झोपवून ठेवू नका.

झटक्यापेक्षा मोठं दुखणं: भीतीची भीती

एकदा झटका आला म्हणजे आजार जडला असं नाही. आयुष्यात एखाद्या वेळी पॅनिक अटॅक येऊन गेलेली खूप माणसं असतात. पण झटके पुन्हा पुन्हा यायला लागले, आणि "परत येईल का?" या धास्तीत महिना-महिना जायला लागला, माणूस त्या भीतीने वागणंच बदलायला लागला, तर त्याला उपचार लागतो.

ताईंचं हेच झालं होतं. झटका येत होता महिन्यातून दोन-तीनदा, पण त्याची वाट बघणं रोज होतं. पहिल्यांदा बँक सोडली. मग एसटी सोडली. मग आठवडी बाजार, मग लग्नाचे मांडव, मग देवळातली गर्दी. शेवटी गटाची बैठकही, कारण समाजमंदिराला एकच दार आहे आणि बाया दारातच बसतात. पाणी भरायला जातानाही मुलीला सोबत नेत होत्या. बाहेरच्या माणसाला वाटतं बाई आळशी झाली, घमेंडखोर झाली. ती बिचारी रोज मनातल्या मनात मोजत असते, इथून बाहेर पडायला किती पावलं लागतील.

त्या मला म्हणाल्या होत्या, "मरायची भीती एक वेळ सोसेन. सगळ्यांसमोर पडले आणि माझा पदर सरकला तर? लोक काय म्हणतील, ही भीती सोसत नाही."

जागा टाळली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण मनाला खोटा धडा मिळतो, "गेले नाही म्हणून वाचले." पुढच्या वेळी ती जागा आणखी भयंकर वाटते. असं करत करत बाईचं जग उंबऱ्याच्या आत येऊन थांबतं.

झटका आला तर तुम्ही काय करायचं?

• जिथे आहात तिथे शक्य असेल तर बसा. पाय जमिनीला टेकवा. पळू नका.
• स्वतःशी म्हणा: "हा पॅनिक अटॅक आहे. मागच्या वेळी आला तसा उतरला, आत्ताही उतरेल."
• श्वास ओढून घेऊ नका. नाकाने हळू घ्या, मनात चार मोजा. तोंडाने आणखी हळू सोडा, सहा मोजा. गरम चहावर फुंकर घालतो तसा. काही मिनिटं असंच करत राहा.
• डोळ्यांना काम द्या. समोरच्या पाच वस्तू मनात मोजा: खांब, पंखा, पिशवी, बांगडी, घड्याळ.
• झटक्याशी भांडू नका. "थांब, थांब" म्हणत राहिलं की तो वाढतो. येऊ दे, जाऊ दे.

हा श्वास रोज सकाळी पाच मिनिटं, सगळं ठीक असताना करून ठेवा. पूर आल्यावर पोहायला शिकता येत नाही.

शेजारी बसलेल्या बाईने काय करायचं?

• गर्दी हटवा. हवा येऊ द्या. एकीनेच जवळ थांबावं.
• हळू आवाजात बोला: "मी इथेच आहे ताई. माझ्याबरोबर श्वास घ्या." आणि तुम्ही स्वतः सावकाश श्वास घेऊन दाखवा.
• हात धरू का, असं विचारून मगच धरा.
• कांदा, चप्पल हुंगायला देऊ नका. तोंडावर पाणी मारू नका, गालावर चापट्या मारू नका. तोंडाला पिशवी लावून श्वास घ्यायला सांगू नका, खरोखर हृदयाचा त्रास असेल तर ते धोक्याचं आहे.
• "काही नाही झालं", "मन घट्ट कर", "आमच्या वेळी असलं नव्हतं" ही तीन वाक्यं गिळून टाका. "काही नाही झालं" ऐकलं की ती बाई आणखी एकटी पडते.
• उतरल्यावर पाणी द्या, थोडा वेळ बसू द्या. चार बायांना रंगवून सांगू नका.

हे बरं होतं

पॅनिकचा आजार उपचारांना चांगली साथ देणारा आजार आहे. उपचार दोन प्रकारचे असतात. कुणाला एक पुरतो, कुणाला दोन्ही लागतात.

पहिला, बोलून करायचा उपचार. समुपदेशक किंवा मानसतज्ज्ञ तुमच्याबरोबर बसून झटक्याच्या वेळी मनात काय येतं ते बघतात, ते खरं आहे का हे तपासायला शिकवतात, आणि टाळलेल्या जागी पायरी पायरीने परत जायला मदत करतात.

दुसरा, गोळ्या. या बहुधा मनाच्या आजारांसाठी दिल्या जाणाऱ्या रोजच्या गोळ्या असतात, झोपेच्या नव्हेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थपणा थोडा वाढू शकतो, म्हणून आठ दिवसांत "गुण नाही" म्हणून टाकून देऊ नका. बरं वाटल्यावरही काही महिने घ्याव्या लागतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. मेडिकलमधून परस्पर "घाबरं होण्याची गोळी" मागून घेऊ नका. लगेच शांत करणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागते.

कुठे जायचं? आधी आशाताईंशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिचा वार आणि वेळ विचारून जा. जाणं लगेच जमत नसेल तर १४४१६ या नंबरवर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मनात जीव द्यायचे विचार येत असतील, तर तेव्हाही हाच नंबर लावा, आणि घरातल्या किंवा गटातल्या एका तरी बाईला त्याच वेळी सांगा.

आणि "लोकांना कळलं तर?" ही भीती असेल तर हे माहीत असू द्या: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी यंत्रणेकडून मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे, आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं हे दवाखान्याचं कर्तव्य आहे.

देवाला जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. अंगारा लावा, नारळ फोडा, पण गोळी आणि तारीख चुकवू नका.

सचिव ताई परत बँकेत कशा गेल्या

जिल्हा रुग्णालयात पहिल्यांदा जाणं, हीच मोठी परीक्षा होती. एसटीत बसायलाच भीती! अध्यक्ष ताई, मी आणि त्यांची मुलगी, अशा आम्ही सोबत गेलो. दाराजवळची सीट धरली. वाटेत एकदा झटका आला. बस थांबवली नाही. तिघींनी मिळून श्वास मोजला. उतरला.

उपचार सुरू झाले. समुपदेशक ताईंनी एक वही करायला सांगितली. त्यात पायऱ्या लिहिल्या, सोप्यापासून अवघडापर्यंत. पहिल्या आठवड्यात रोज एसटी स्टँडवर जाऊन नुसतं बसायचं आणि परत यायचं. मग एसटीने एक थांबा. मग तालुक्यापर्यंत सोबतीने. मग बँकेच्या पायरीपर्यंत. मग आत, पण रांगेत नाही, बाकावर. मग रांगेत, सोबतीने. शेवटी रांगेत एकटीने. प्रत्येक पायरीवर भीती वाटली तरी ती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं, हा नियम. भीती उतरायच्या आत घरी पळालं तर ती पायरी पुन्हा करायची.

साडेतीन महिने लागले. मधे गणपतीत गर्दीत मोठा झटका आला आणि त्या चार दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. वाटलं, सगळं पाण्यात गेलं. तसं होत नाही. पाचव्या दिवशी पुन्हा स्टँडवर जाऊन बसल्या.

आजही त्यांना अधूनमधून धडधडतं. पण आता त्या म्हणतात, "येऊ दे. ओळखीचं पाहुणं आहे, चहा घेतल्याशिवाय जाईल."

गट म्हणून आपण काय करू शकतो?

दशसूत्रीत आरोग्य आहे. त्यात मनाचं आरोग्यही आलं. त्यासाठी पैसे लागत नाहीत, थोडं लक्ष लागतं.

• एखादी सखी सलग दोन-तीन बैठका चुकली, तर दंड लिहायच्या आधी दोघींनी तिच्या घरी जावं. "का आली नाहीस?" असं खडसावू नका, "कशी आहेस?" विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.
• बैठकीत दाराजवळची जागा ज्या बाईला हवी तिला द्या. का म्हणून विचारू नका.
• बँकेत, दवाखान्यात जायला सोबत ठरवा. पण कायमची नाही, हळूहळू कमी करत न्यायची.
• गटात सांगितलेली गोष्ट गटातच राहावी, असा ठराव करा.
• औषधासाठी अंतर्गत कर्ज मागितलं तर मनाचा आजार आहे म्हणून अडवू नका. मूतखड्याला देतो तसंच याला द्या.

त्या गटाने नंतरच्या बैठकीत जुना ठराव रद्द केला. दंडाची रक्कम परत केली. सचिवपद ताईंकडेच राहिलं, आणि सहीचा खोळंबा पुन्हा होऊ नये म्हणून कोषाध्यक्ष ताईंची सहीही बँकेत नोंदवून घेतली. नियम नियमाच्या जागी राहिला, आणि बाई बाईच्या जागी.

हे पान लिहून झाल्यावर मी ताईंना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, आणि म्हणाल्या, "माझं नाव नको घालूस. पण दंडाचं नक्की लिही. म्हणजे पुढच्या गटातल्या बाया आधी घरी येतील."

लिहिलं ताई.

आता सख्यांनो, पान संपलं की हजेरीचं रजिस्टर उघडा. गेल्या तीन बैठकांत कुणाच्या नावापुढे गैरहजेरी आहे ते बघा. आणि आज घरी जाताना तिच्या दारावरून जा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक